बोटीवरचे मासळीचे ताट



या व्यासपीठावरून शिवचरित्रावर बोलतात, संतवाङ्मयावर बोलतात, उसाच्या दरावर आणि पाण्याच्या वाटपावर बोलतात. त्या मालिकेत यंदा माझा विषय छापून आला तेव्हा चालकांपैकी एकाने मला हळूच विचारले, की कामगार संघटनेच्या माणसाला बोटीवरच्या मासळीचे काय पडले आहे? प्रश्न रास्त आहे. मलकापूरपासून समुद्र लांब. मध्ये सह्याद्री उभा. आपल्याकडे समुद्र पोहोचतो तो कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाडीच्या वासाने आणि कराडच्या बाजारातल्या सुकट-बोंबलांच्या ढिगाने. आपली मासळी म्हणजे कोयना-कृष्णेतली मरळ आणि वाम. तेव्हा जहाजावर सुरमई तळतात की पापलेट, हे आपण कशाला पाहावे?

पाहावे अशासाठी, की आता आपल्या भागातली पोरे हॉटेलचे शिक्षण घेऊन बोटीवर जाऊ लागली आहेत. क्रूझ म्हणून ज्या मोठमोठ्या सहलीच्या बोटी आहेत त्यांवर कोणी स्वयंपाकात, कोणी वाढप्यात, कोणी खोल्या झाडण्यात आहे. घरचे लोक पगाराचा आकडा विचारतात. तिथे जेवण काय मिळते, हे विचारताना मी अजून एकही बाप पाहिलेला नाही. आणि बोटीवर जेवण ही बारीकसारीक बाब नसते. कारखान्याचे उपाहारगृह वाईट असले तर कामगार फाटकाबाहेर येऊन वडापाव खातो. बोटीला फाटक नाही. तिच्या चारी बाजूंना पाणी आहे आणि भटारखाना एकाच मालकाचा आहे. अशा ठिकाणी ताटात काय पडते, यावरून त्या जागेचा सगळा कारभार ओळखता येतो.

आता प्रथम प्रवाशांचे ताट पाहू, कारण जाहिरात त्याचीच असते.

आपल्या किनाऱ्याला बोटीचा प्रवास नवा नाही. मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत गोव्यापर्यंत जात असे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी पिढ्यान्पिढ्या या मार्गावर होत्या; पुढे 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे घराघरांत झाली. पुष्कळ बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, पडावातून उतरावे लागे. पावसाळ्यात वाहतूक बंद. १९८० नंतरच्या दशकात ही सेवा थांबली. मी त्या बोटीने गेलेलो नाही. पण गोदीत काम करताना जुन्या कोकणी खलाशांकडून तिच्याविषयी इतके ऐकले आहे, की तिचा डेक मला डोळ्यांपुढे दिसतो. त्या डेकवरचा उतारू कंपनीच्या जेवणावर अवलंबून नसे. त्याच्या फडक्यात तांदळाची भाकरी, सुक्या बांगड्याचा तुकडा, कांदा आणि सोलाची चटणी असे. ज्याला परवडे तो वर जाऊन आमटी-भात मागे. पण खालच्याचे आणि वरच्याचे मासे एकाच समुद्रातले, एकाच हंगामातले आणि एकाच चवीचे. प्रतिष्ठेचा फरक होता, तो खुर्चीचा होता. माशाच्या जातीत तो नव्हता.

विलायती बोटींवर तो माशाच्या जातीतही होता. 'टायटॅनिक' जहाजाच्या भोजनपत्रिका आज उपलब्ध आहेत. १४ एप्रिल १९१२ हा त्या जहाजाचा शेवटचा पुरा दिवस. त्या दिवशी पहिल्या वर्गाच्या रात्रीच्या जेवणात शिंपल्यातली कालवे होती आणि सामन मासा घट्टसर लोणकट सॉसबरोबर होता. दुसऱ्या वर्गाला भाजलेला हॅडॉक. तिसऱ्या वर्गाला सकाळी धूर दिलेला हेरिंग आणि सालीसकट उकडलेले बटाटे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचाच गोत्रज, गरिबाचा मासा. एकाच बोटीत, एकाच तारखेला, तीन मजल्यांवर तीन मासे! तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : तिसऱ्या वर्गातल्या पुष्कळ लोकांना ते जेवण घरच्यापेक्षा बरे होते. कंपन्यांना हे पक्के ठाऊक होते आणि त्या त्याची जाहिरात करीत. गरिबाचे ताट सुधारले, तर ते बहुधा धंद्याच्या चढाओढीने सुधारते, दयेने क्वचित. मला त्यात काही वाईट वाटत नाही. चढाओढ टिकते तोवर तरी.

त्याच काळात आपल्या मुलखातून गोऱ्या साहेबाने बोटीवर काही नेलेही. आपली खिचडी त्याने उचलली, तीत धूर दिलेला हॅडॉक मासा आणि उकडलेली अंडी घातली, आणि 'केजरी' म्हणून न्याहारीला खाऊ लागला. खिचडीत मासा! आपल्या घरी कोणी असे केले असते तर आजीने चुलीपासून उठवले असते. आपला बोंबील 'बॉम्बे डक' या नावाने विलायतेत गेला आणि तिथल्या करीखाऊ लोकांच्या जिभेवर असा बसला, की १९९७ साली युरोपच्या संघाने स्वच्छतेच्या नियमावर बोट ठेवून त्याची आयात अडवली तेव्हा इंग्लंडात त्याच्यासाठी रीतसर चळवळ झाली आणि पुढे वाट पुन्हा मोकळी झाली. मुद्दा असा, की तेव्हाच्या बोटीवर निदान मासा कुठला आहे हे खाणाऱ्याला नावावरून कळत होते.

आजच्या क्रूझवरची पत्रिका पाहा. कोळंबी, सामन, कॉड, शेवंड, खेकडा, कालवे अशी मोठी नामावळी असते. वैविध्य अफाट दिसते. पण बारकाईने पाहिले तर रोजच्या ताटात फिरणारे मासे चार-पाचच. सामन बहुतेक पिंजऱ्यात वाढवलेला. कोळंबी तळ्यातली. आणि 'फिश फिलेट' म्हणून जे पांढरेशुभ्र, बिनवासाचे, बिनकाट्याचे तुकडे येतात, ते पुष्कळदा बासा. हा बासा समुद्रातला मासाच नव्हे. तो मेकाँग नदीच्या मुलखातला, गोड्या पाण्यातला. व्हिएतनामात तळ्यांतून वाढवतात, आता आपल्या देशातही तळ्यांतून आणि धरणांतल्या पिंजऱ्यांतून त्याची पैदास होते. मासा वाईट नाही. गरिबाला स्वस्त प्रथिन मिळते. पण समुद्रावर बसून, समुद्रमेवा या नावाखाली, तळ्यातला मासा खायचा, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

असे का होते? मालक लबाड म्हणून, एवढे उत्तर पुरे नाही. मी अशा बोटींचे भटारखाने कामाच्या निमित्ताने आतून पाहिले आहेत आणि तिथल्या मुख्य आचाऱ्यांशी बोललो आहे. त्यांची अडचण खरी आहे. दोन हजार माणसांना एकाच रात्री एकाच वजनाचा, एकाच जाडीचा तुकडा हवा. कोकणचा रापणकार सकाळी किनाऱ्यावर जे ओढून आणतो त्यात दोन सुरमया, पाच टोपल्या बांगडे, थोडी मांदेली, थोडे धोडयारे आणि एखादा नुसता काटेरी मासा असतो. समुद्र काही मापे घेऊन मासे देत नाही. शिवाय मासा कुठे पकडला, केव्हा बर्फात घातला, कोणत्या कारखान्यातून आला, याचे कागद बोटीला लागतात. रापणकाराजवळ कागद नसतो. आणि तिसरी गोष्ट काट्याची. परदेशी उतारू काट्याला भितो. बोंबील, मांदेली, तारली, भिंग हे मासे काट्यांमुळे बाद. म्हणजे मासळीचे वैविध्य समुद्रात आहे, बाजारात आहे, मालवणच्या घरात आहे. बोटीच्या शिडीवर मात्र ते गाळले जाते. ज्याला डोके नाही, शेपूट नाही, काटा नाही आणि वास नाही, असाच मासा वर चढतो.

कोळंबीची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. 'व्हॅनामी' नावाची कोळंबी मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आपल्या सरकारने २००९ साली तिच्या शेतीला परवानगी दिली आणि थोड्या वर्षांत आंध्रच्या किनाऱ्यावर तिची तळीच तळी झाली. कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडचा तो प्रदेश. म्हणजे महाबळेश्वरला उगम पावून, कराडला कोयनेला भेटून पुढे गेलेली आपली कृष्णा जिथे समुद्राला मिळते, त्या काठी ही कोळंबी पिकते. ती सोलून, गोठवून अमेरिकेला जाते. अमेरिकेला कोळंबी पुरवणाऱ्या देशांत हिंदुस्थान कित्येक वर्षे पहिला राहिला. तिकडच्या बोटींच्या बर्फावर मांडलेल्या कोळंबीत आपल्याकडची किती असेल याचा अंदाज त्यावरून करावा. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर चढवला तेव्हा पहिली झळ या तळेवाल्यांना आणि सोलणाऱ्या बायकांना बसली. बोटीवर कोळंबी खाणाऱ्याला त्याची वार्ताही नसेल.

आणि सोलणाऱ्या बायकांचे नाव निघालेच आहे तर सांगतो. मुंबईत ससून डॉक म्हणून मासळीची गोदी आहे, १८७५ सालची. तिथे पहाटेच्या अंधारात जा. ओल्या फरशीवर बायका ओळीने बसलेल्या दिसतील. पुढ्यात कोळंबीचा ढीग, बोटे बर्फाने पांढरी पडलेली. मजुरी वजनावर. कोळंबी जितकी बारीक तितके हात अधिक चालवायचे आणि वजन कमी भरायचे. बोटीवरच्या ताटाची पहिली पाळी इथे सुरू होते. मासळीचा दर्जा, दर्जा म्हणून जे म्हणतात, त्यातला अर्धा या बोटांवर अवलंबून आहे. ती किती वेगाने चालतात आणि माल उन्हात किती वेळ पडू देत नाहीत, यावर.

कारण माशाचा दर्जा म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून काळ आणि थंडी. आपल्याकडे दूध शीतकेंद्रावर वेळेत पोहोचले नाही तर नासते, हे प्रत्येक शेतकऱ्याला कळते. दूध निदान फाटून सांगते. मासा सांगत नाही. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या मासळीच्या मांसात एक द्रव्य असते; मासा गरम हवेत राहिला की जंतू त्याचे हिस्टामिन नावाचे विष करतात. हे विष एकदा झाले की शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा गोठवले तरी जात नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, जीभ जळजळते, डोके भणभणते. लोक म्हणतात, मासळी बाधली. ती पकडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या हयगयीने बाधलेली असते. मोरीसारख्या माशाचे निराळे. त्याच्या अंगातच युरिया असतो, तो शिळा झाला की नवसागरासारखा वास मारतो. मोरी निदान प्रामाणिक म्हणायची!

मोठ्या बोटींवर या बाबतीत व्यवस्था चोख असते, हे मी मोकळेपणाने कबूल करीन. गोठवलेल्या मासळीसाठी उणे १८ अंशांची कोठी. बर्फ सुटण्यासाठी मासळीला निराळी खोली, मांसाला निराळी. कापायच्या फळ्या निरनिराळ्या रंगांच्या. कच्चा मासा द्यायचा असेल तर जंत मरावेत म्हणून उणे २० अंशांत सात दिवस ठेवण्याचा अमेरिकेचा दंडक. त्या देशाने १९७५ साली बोटींच्या स्वच्छतेची तपासणी सुरू केली. निरीक्षक न सांगता येणार, शंभरांपैकी गुण देणार, ८६ च्या खाली गेला तर नापास आणि निकाल जाहीर. आपल्या किती उपाहारगृहांना असा निकाल भिंतीवर लावायला सांगितला तर झोप लागेल? या शिस्तीचे श्रेय मी कंपनीपेक्षा निरीक्षकाला देतो. निरीक्षकाची भीती ही कामगाराच्याही उपयोगाची चीज आहे.

पण निरीक्षक थंडी मोजतो, जंतू मोजतो. कोणाच्या ताटात काय पडले, हे तो मोजीत नाही. म्हणून आता दुसऱ्या ताटाकडे वळू.

इंग्रजांच्या बोटींवर हिंदी खलाशांना 'लस्कर' म्हणत. डेकवर कोकणी मुसलमान, सुरतेकडचे, पूर्व बंगालचे. खाली कोळशाच्या भट्टीत आग भरणारे. वर जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती बटलर आणि आचारी. गोव्याच्या लोकांचे 'कूड' म्हणून गावोगावचे मुक्काम मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला होते. बोट लागेपर्यंत माणूस तिथे पथारी टाकून असे. या सर्वांचा करारनामा गोऱ्या खलाशाहून निराळा, पगार त्याच्या मानाने फार थोडा, आणि शिधाही निराळा. तांदूळ, डाळ, तूप, हळद-मिरची आणि सुकी मासळी. लस्करांचे जेवण शिजवणाऱ्याला 'भंडारी' म्हणत. डेकचा भंडारी निराळा, आगवाल्यांचा निराळा. एकाचे हलाल, दुसऱ्याचे काही और. मधे सारंग नावाचा मुकादम. तोच माणसे भरती करी, तोच उसने देई, आणि शिधाही पुष्कळदा त्याच्याच हाताखालून जाई. ज्यांनी आपल्याकडे गिरणीतला जॉबर पाहिला आहे त्यांना सारंग निराळा समजावून सांगायला नको.

विचार करा, गोव्याचा आचारी वर प्रवाशांसाठी पापलेटचे काप करतो, लोण्यात परततो, लिंबाची चकती लावतो. त्याच तासाला तीन मजले खाली भंडारी सुक्या मासळीला पाणी दाखवीत असतो. पापलेट आणि सुकट दोन्ही एकाच अरबी समुद्रातली. सुक्या मासळीला मी नावे ठेवीत नाही. आपल्या घरी पावसाळ्यात तिच्यासारखे कालवण नाही. पण आवडीने खाल्लेली सुकट आणि दुसरे काही मिळण्याचा हक्क नाही म्हणून खाल्लेली सुकट, या दोन निराळ्या वस्तू आहेत.

आता कायद्याची एक गंमत सांगतो. १८९४ चा विलायती मर्चंट शिपिंग कायदा मी मुद्दाम मिळवून वाचला. शब्दकोश शेजारी घेऊन वाचला, कारण माझे इंग्रजी मी असेच शिकलो. त्याच्या १९८ व्या कलमात म्हटले आहे, की बोटीवरचे अन्न किंवा पाणी वाईट आहे, अपुरे आहे, असे तीन किंवा अधिक खलाशांना वाटले तर त्यांनी अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, आणि त्याने येऊन तपासावे. तीन! एकट्याची तक्रार ही तक्रारच नाही. आणि लगेच पुढे सांगितले आहे, की तक्रारीला सबळ कारण नाही असे ठरले, तर तक्रार करणाऱ्यांचा एका आठवड्यापर्यंतचा पगार कापता येईल. म्हणजे कायद्याने एका हाताने माणसे एकत्र आणली आणि दुसऱ्या हाताने त्यांना भीती घातली. मी नव्या कार्यकर्त्यांना संघटना म्हणजे काय हे शिकवताना हे कलम सांगतो. तीन माणसे एका वाडग्याभोवती जमली आणि 'हे खाण्याजोगे नाही' एवढ्यावर त्यांचे एकमत झाले, की संघटनेची सुरुवात झाली. घटना आणि पावतीपुस्तक मागाहून येते.

असे वाडगे इतिहासात फार मोठे ठरले आहेत. १९०५ साली रशियाच्या 'पोटेमकिन' लढाऊ जहाजावर किडे पडलेल्या मांसावरून बंड झाले, हे पुष्कळांना चित्रपटामुळे ठाऊक असते. पण आपल्या मुंबईत काय झाले? १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या केंद्रात खलाशांनी न्याहारी नाकारली. जेवण निकृष्ट, वागणूक अपमानाची, गोऱ्या आणि हिंदी शिपायांत भेद. या सगळ्याचा स्फोट जेवणाच्या रांगेत झाला. दोन दिवसांत बंड जहाजाजहाजांवर पसरले. ७८ जहाजे आणि वीस हजार खलाशी त्यात होते असे सांगतात. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळीने पडली. शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ ला खलाशांनी हत्यारे खाली ठेवली. कोणी म्हणेल, ते स्वातंत्र्याचे बंड होते, जेवणाचे नव्हे. मला ही वाटणी मान्य नाही. ज्याच्या ताटाला किंमत नाही त्याच्या देशालाही किंमत नाही, हे त्या पोरांना ताटातूनच कळले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची नाविकांसाठी परिषद भरली. तिथे खलाशांच्या अन्नाविषयी एक करार झाला आणि बोटीवरच्या आचाऱ्याला परीक्षा व दाखला असावा, याविषयी दुसरा. मुंबईच्या बंडामुळे तो झाला असे मी म्हणत नाही. ते काम आधीपासून चालू होते. पण वर्ष एकच होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आज त्या करारांची जागा २००६ च्या सागरी कामगार करारनाम्याने घेतली आहे. तो २०१३ च्या ऑगस्टात अमलात आला आणि आपल्या देशाने २०१५ साली तो स्वीकारला. त्यात लिहिले आहे, की नोकरी चालू असेपर्यंत खलाशाला जेवण आणि पाणी फुकट मिळाले पाहिजे. ते पुरेसे, पौष्टिक आणि चांगल्या प्रतीचे असले पाहिजे. आणि माणसांचा धर्म व खाण्याच्या चालीरीती ध्यानात घेतल्या पाहिजेत. आचारी शिकलेला हवा, अठरा वर्षांवरचा हवा. तक्रार आता एकट्यालाही करता येते, आणि तक्रार केली म्हणून कोणाला छळता येत नाही. तीनाचा एक व्हायला शंभरावर वर्षे लागली.

कागदावर हे सगळे आहे. आता कागदाबाहेरचे सांगतो. आपल्याच भागातला एक पोरगा एका मोठ्या बोटीवर जेवणघरात होता. नाव, गाव, कंपनी काही सांगत नाही. त्याला पुढे नोकरी करायची आहे. वर उतारूंसाठी कोळंबीचे डोंगर, आणि खाली नोकरांच्या मेसमध्ये अकरा दिवस लागोपाठ तोच गोठवलेला पांढरा मासा, तोच पिवळा रस्सा, तोच भात. मासा नासका नव्हता. निरीक्षक आला असता तर त्याने गुण दिले असते. पण दिवसाला दहा-बारा तास पायावर उभे राहून, आठवड्याची सुटी नाही, महिनोन्महिने घर नाही, अशा माणसाला जेवणाची घंटा हीच काय ती दिवसातली सुटी. तीही बेचव झाली तर माणूस आतून खचतो. रविवारची सुटी मिळवायला नारायण मेघाजी लोखंड्यांना १८९० पर्यंत झगडावे लागले. बोटीवर तो रविवार अजून पोहोचलेला नाही. सागरी करारनाम्यातसुद्धा दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम घेण्याची मुभा आहे.

त्या पोराने मला फोन केला. मी म्हटले, एकटा जाऊ नकोस, कायदा काहीही म्हणो, तीन जण जा. एक केरळचा आणि एक फिलिपाइन्सचा जोडीदार घेऊन तो गेला. तक्रारवहीत नोंद केली, तारीख घातली, सह्या केल्या. चौथ्या दिवशी मेसमध्ये बांगडा आला, आठवड्यातून दोनदा अंडी आली, मिरचीचे लोणचे आले. फिलिपिनो लोकांना त्यांचा आंबट रस्सा मिळू लागला. एवढ्याने कंपनी काही बुडाली नाही. पण करार संपल्यावर या पोराला पुन्हा बोलावणे आले नाही. कारण कोणी लिहून दिले नाही; ते तसे देत नसतात. आता तो दुसऱ्या बोटीवर आहे. तिथली तक्रारवही कुठे ठेवलेली असते ते त्याने पहिल्याच दिवशी पाहून ठेवले, असे मला कळवले आहे.

वर उरलेल्या कोळंबीचे काय होते, असे कोणी विचारील. पुष्कळशी दळून समुद्रात जाते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे बारीक केलेले उष्टे टाकता येते, न दळलेले बारा मैलांपलीकडे. कृष्णेच्या मुखाशी वाढलेली, बायकांनी सोललेली कोळंबी अशी परत समुद्रात. ती नोकराच्या ताटात गेली तर 'शिस्त बिघडते', असे मला एका अधिकाऱ्याने सांगितले. कोणती शिस्त, ते त्याला नीटसे सांगता आले नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे थोडे. मुंबईहून गोव्याकडे बोटीचा प्रवास अलीकडे पुन्हा सुरू झाला. २०१८ साली 'आंग्रिया' आली, २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीची मोठी बोट फिरू लागली. उतारू बहुतेक आपल्याच देशाचे, त्यांत शाकाहारी आणि जैन पुष्कळ. त्यांच्यासाठी निराळा स्वयंपाक होतो, आणि तो व्हावा. पण ज्यांना मासे हवेत त्यांच्यापुढे तरी या किनाऱ्याचा मासा यायला नको काय? आचारी म्हणतो, एकसारखा माल मिळत नाही, कागद मिळत नाहीत. या भागात उसाला काटा, दुधाला फॅट आणि दोहोंना सहकारी संस्था आपण उभी केली. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर आहे. सातपाटीच्या मच्छिमारांनीही आपल्या सहकारी संस्था चालवून पापलेट परदेशी पाठवले आहे. बर्फ, वजन आणि कागद ही कामे संस्थेची आहेत, एकट्या रापणकाराची नव्हेत. मात्र एक पथ्य हवे. मोठ्या गिऱ्हाइकाला सारख्या मापाचा मासा हवा म्हणून तळहाताएवढी पापलेटे उपसून काढली तर उद्या बोटही रिकामी आणि मालवणही रिकामे. २०२३ साली राज्याने पापलेटला राज्यमासा ठरवले, आणि त्याच वर्षी लहान मासे न पकडण्याविषयी किमान आकाराचे नियम केले. नियम अमलात येतात की नाही हे बाजारातल्या टोपलीत दिसते. तुम्ही कराडच्या बाजारात घ्याल तेव्हा तळहाताखालचे पापलेट परत ठेवा, एवढे घाटावरच्या माणसालाही करता येईल.

शेवटी ज्यांच्या घरचा मुलगा बोटीवर निघाला आहे त्यांच्यासाठी थोडे, कारण व्याख्यान संपल्यावर हेच विचारायला लोक येतात. नोकरी लावून देणाऱ्या दलालाजवळ केंद्राच्या नौवहन महासंचालकांचा परवाना आहे की नाही, तो पाहा. परवान्याचा नंबर असतो, तो तपासता येतो. नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे करारनाम्याने बंद केले आहे. जो लाखांचा आकडा सांगतो त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका. करारपत्र मुलाच्या हातात मुंबई सोडण्याआधी पडले पाहिजे, विमानतळावर नव्हे. त्यात कामाचे तास, परतीचे भाडे आणि जेवण ही तीन कलमे शोधा. पुष्कळ करारांत वाढप्याचा पगार बक्षिशीवर ठेवलेला असतो. ठरलेला किमान आकडा किती, ते विचारा. मुंबईत खलाशांच्या संघटना आहेत, नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया ही त्यांतली मोठी. निघण्यापूर्वी तिच्या कचेरीत एक फेरी मारा. आणि बोटीवर चढल्यावर मुलाने आठवड्याभरात मेसमधले दोन जोडीदार निवडावेत, निराळ्या देशांचे असले तर उत्तम. कागदपत्रे घेऊन कोणी आज आले असतील, तर मी उद्या सकाळच्या गाडीपर्यंत इथेच आहे.